हार्ट फेल्युअर: लघवीची गोळी चालू राहते, बाकीच्या का सुटतात?

बोरीकाठ (धागाकर्ता)

अमळनेरला माझं मेडिकल आहे. काउंटरवर वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते, ती इथे मांडतो.

हार्ट फेल्युअरचा (हृदय कमी पडून अंगात, फुफ्फुसात पाणी साठतं तो आजार) पेशंट दवाखान्यातून सुटी होऊन येतो तेव्हा चिठ्ठीवर सात-आठ औषधं असतात. पहिल्या महिन्यात सगळी नेतात. दुसऱ्या महिन्यात मुलगा किंवा जावई येतो, चिठ्ठी पुढे करतो आणि म्हणतो, "यातली लघवीची गोळी तेवढी द्या, बाकीच्या राहू द्या. आबांना आता बरं आहे." त्यामागचं कारण मला कळतं. लघवीची गोळी घेतली की दोन तासांत गुण दिसतो, पायाची सूज उतरते, रात्री आडवं पडता येतं. बाकीच्या गोळ्यांचं तसं काही दिसत नाही. उलट सुरुवातीला बीपी उतरतं, उठताना चक्कर येते, अंगातली ताकद गेल्यासारखी वाटते. आणि बिलातला मोठा आकडा त्यांचाच असतो.

पण माणूस किती वर्षं जगेल हे त्या न दिसणाऱ्या गोळ्यांवर जास्त अवलंबून असतं. फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइड यांनी श्वास मोकळा होतो, त्या लागतातच. मात्र त्यांनी आयुष्य वाढतं असं मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. पंपिंग (हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची ताकद) कमी असलेल्या पेशंटमध्ये ते सिद्ध झालंय चार गटांचं. एक, एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा त्यांच्या जागी आलेली सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन. दोन, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट. तीन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा इप्लेरेनोन. चार, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातली स्पायरोनोलॅक्टोन ही किती साधी, जुनी, स्वस्त गोळी! १९९९ साली एका मोठ्या चाचणीत पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपासच्या डोसने गंभीर पेशंटमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन वेगळ्या चाचण्यांत प्रत्येकी ३४ टक्के घट दिसली.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर आज चिठ्ठी काढून बघा, या चार गटांतलं काय चालू आहे आणि काय आपोआप सुटलंय. अनुभव लिहा.

पांझरा

दादा, चांगला विषय काढलात. आमचे मोठे काका मागच्या पावसाळ्यात गेले, धुळ्यालाच. आता धाकट्या काकांचंही पंपिंग २५ टक्के आलंय. घरात कोणी बोलत नाही म्हणून इथे विचारतो. सरळ सांगा, किती वर्षं? आणि २५ टक्के म्हणजे हार्टचा पाव भागच शिल्लक आहे का?

सातपुडा_एमडी

पांझरा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. निरोगी माणसाचं पंपिंगही १०० टक्के नसतं, साधारण ५५ ते ६५ च्या आसपास असतं. एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. २५ म्हणजे बरंच कमी आहे, पण काकांचं पाऊण हृदय गेलं असा त्याचा अर्थ नाही. औषधांवर हा आकडा ४० च्या वर गेलेले पेशंट माझ्याकडे आहेत.

आता वर्षांचं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांत २०१३ साली हार्ट फेल्युअर होऊन दाखल झालेल्या १२०५ पेशंटची नोंद ठेवली गेली. सरासरी वय ६१. पाच वर्षांनी पाहिलं तर त्यातले ५९ टक्के गेलेले होते. केरळसारख्या, दवाखाने जवळ असलेल्या राज्यातली ही गोष्ट. पुढे देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ पेशंटची नोंद झाली, त्यात पहिल्या ९० दिवसांतच १४ टक्क्यांच्या वर मृत्यू होते. म्हणजे सुटी झाल्यावरचे पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "आता सुटलो."

पण हा आकडा काकांचा नाही. या नोंदींमधल्या खूप जणांना सगळी औषधं मिळतच नव्हती. आपल्यासमोर बसलेल्या एका माणसाचं भविष्य सरासरीवरून सांगू नये, असं मला मनापासून वाटतं.

पांझरा

मग एका माणसाचं कशावरून सांगता?

सातपुडा_एमडी

त्यासाठी हिशोब आहे. जगभरातल्या ३० अभ्यासांतल्या ३९,३७२ पेशंटवरून तेरा गोष्टींचा एक स्कोअर तयार केलेला आहे. वय, पुरुष की स्त्री, पंपिंग, वरचं बीपी, वजन-उंचीचं प्रमाण, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), किती श्रमाने धाप लागते, धूम्रपान, मधुमेह, दम्यासारखा फुफ्फुसाचा जुना आजार, निदान होऊन दीड वर्षाच्या वर झालंय का, आणि शेवटच्या दोन: पहिल्या गटातलं औषध चालू नाही, दुसऱ्या गटातलं औषध चालू नाही. वय आपण बदलू शकत नाही. पण तेरातल्या या दोन आणि बिडी-सिगारेट धरून तीन गोष्टी घरातल्या माणसांच्या हातातल्या आहेत. बोरीकाठ जे काउंटरवरून बघतायत ते या स्कोअरमध्येच लिहिलेलं आहे.

यातल्या दोन गोष्टी लोकांना उलट्या वाटतात. या आजारात बीपी कमी असणं ही शाबासकीची गोष्ट नाही, हृदय थकल्याची ती खूण असू शकते. आणि वजन झपाट्याने उतरलं, दंड वाळले, गालफडं बसली, तर ती धोक्याची खूण आहे. "आबा कसे सडपातळ झाले" म्हणून खूश होऊ नका. शिवाय सोडियम कमी, हिमोग्लोबिन कमी, ठोके अनियमित, ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) रुंद, हे असलं तरी जोखीम वाढते.

आणखी एक, पुन्हा पुन्हा दाखल होणं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या वयस्क पेशंटच्या अभ्यासात पहिल्यांदा दाखल झाल्यानंतर निम्मे पेशंट २.४ वर्षं जगले, दुसऱ्या वेळेनंतर १.४, तिसऱ्यानंतर १, चौथ्यानंतर ०.६. म्हणून "पाणी झालं की दोन दिवस ॲडमिट करू, सलाईनमधून इंजेक्शन देतील, उतरेल" हा विचार महागात पडतो. प्रत्येक वेळी हृदय आणि किडनी थोडी थोडी मागे जाते.

ज्वारीचं_कणीस

माफ करा, पण या गोळ्यांनीच किडनी जाते. आमच्या पारोळ्याकडे एकाला डॉक्टरांनी तीन-चार गोळ्या वाढवल्या, क्रिएटिनिन वाढलं, शेवटी डायलिसिस. त्यापेक्षा कमी गोळ्या बऱ्या नाहीत का?

सातपुडा_एमडी

भीती समजतो, ती खोटी नाही. पहिल्या गटातली गोळी सुरू केली की क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा चालवून घेतो, कारण पुढे याच गोळ्यांनी जीव वाचतो. म्हणूनच सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. तपासणी चुकवली आणि गोळी चालू ठेवली तर बिघडू शकतं. त्यावर उपाय तपासणी हाच.

त्या पेशंटचं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. पण असे पेशंट आले की माझा पहिला प्रश्न असतो, "गुडघ्यासाठी काय घेता?"

बोरीकाठ (धागाकर्ता)

यावर मला बोलायचंच होतं. कापूस वेचणीचे दिवस आले की कंबर-गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅकच्या गोळ्या नुसत्या उचलल्या जातात. "एक लाल गोळी द्या, एक पांढरी द्या" असंच मागतात. गावात इंजेक्शनही मिळतं. हार्ट फेल्युअरच्या माणसाने ही औषधं घेतली की शरीरात मीठ-पाणी साठतं, किडनीवर ताण येतो, लघवीची गोळी चालेनाशी होते. आठ दिवसांत माणूस धापा टाकत दवाखान्यात. दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल, तीही पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. शुगरच्या चिठ्ठीत पायोग्लिटाझोन आहे का तेही बघा. या पेशंटला ती चालत नाही, पाय सुजतात. शुगरचा आणि हार्टचा डॉक्टर वेगळा असला की हे निसटतं. मी चिठ्ठीवर पाहिलं तर स्वतः फोन करून विचारतो.

आबाना_पोर्‍या

भाऊ, बठ्ठं वाची काढं. मना आबाले बी हाईच दुखनं शे. दवाखानाम्हा इतलं समजाडी कोनी सांगं नही. त्या बिसोप्रोलॉल बंद करी बठनात, म्हणतस अंग गळस. काय करानं?

सातपुडा_एमडी

आबांना सांगा, दमलेल्या बैलाला पराणी टोचून अजून चार तास नांगर ओढवता येतो, पण तो बैल जास्त दिवस राहत नाही. ही गोळी पराणी बाजूला ठेवते, ठोके खाली आणते, हृदयाला विसावा देते. म्हणून पहिले काही आठवडे गळाल्यासारखं वाटतं. लहान डोसपासून, १.२५ मिलिग्रॅमपासून, दर दोन आठवड्यांनी वाढवत नेली तर बहुतेकांना सोसते. एकदम बंद करणं मात्र धोक्याचं. ठोके ५० च्या खाली असतील, चक्कर येऊन पडले असतील किंवा दम वाढला असेल तर लगेच दाखवा, नाहीतर अर्ध्या डोसवर पुन्हा सुरू करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी आजच बोला.

माहेर_चोपडा

मी पुण्यात असते, आई चोपड्याला. वय ७०, बीपी आणि शुगर जुनं, वजन जास्त. दोनदा फुफ्फुसात पाणी झालं. पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के! एक डॉक्टर म्हणाले हार्ट ठीक आहे. मग पाणी कसं होतं?

सातपुडा_एमडी

ताई, पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर असतं. यात हृदय आकुंचन नीट पावतं पण सैल होत नाही, ताठ राहतं, त्यामुळे दाब मागे फुफ्फुसात चढतो. वयस्क, मधुमेही, बीपी असलेल्या बायकांमध्ये हा प्रकार जास्त. पंपिंग ६० आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दाखल झालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतली जोखीम कमी पंपिंगवाल्यांच्या बरीच जवळ जाते. इथे चारही गटांचा तसाच फायदा दिसत नाही. चौथ्या गटाने मात्र पुन्हा दाखल होणं कमी होतं, हे २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांत स्पष्ट झालंय. सोबत बीपी ताब्यात, वजन कमी, ठोके अनियमित आहेत का ते पाहणं. आणि उलट्या-जुलाब झाले, जेवण गेलं नाही, तर त्या दिवशी चौथ्या गटातली गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, हे आईच्या जवळ राहणाऱ्याला सांगून ठेवा.

केळीबाग_रावेर

माझे वडील सहा महिने झाले सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोनवर आहेत. घरचीच केळी, दिवसाला चार-पाच सहज खातात, "ताकद येते" म्हणतात. मीठ कमी करायला सांगितलं म्हणून बहिणीने शहरातून कमी सोडियमचं मीठ आणलंय. काल रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.८ आलं, लॅबवाल्याने लाल खूण केलीय. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या सोमवारी आहे.

सातपुडा_एमडी

सोमवारपर्यंत थांबू नका. आज फोन करा, आणि फोन लागत नसेल तर जिथे ईसीजी होतो तिथे वडिलांना घेऊन जा. केळी आणि ते मीठ आत्तापासून बंद. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ईसीजी पाहून सांगतील.

बाकीच्यांसाठी: या दोन्ही गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. एका मध्यम केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पोटॅशियम फार चढलं तर ठोके बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो. १९९९ च्या त्या चाचणीनंतर कॅनडातल्या ऑन्टॅरिओत स्पायरोनोलॅक्टोन धडाधड लिहिली गेली आणि पोटॅशियम वाढून दाखल होणारे पेशंट कित्येक पटींनी वाढले. कारण औषध वाढलं, तपासणी वाढली नाही. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात तर केळी घरचीच. किडनी चांगली आणि पोटॅशियम आटोक्यात असेल तर एखादं केळं चालतं, पण ते रिपोर्ट पाहून ठरवायचं. नारळपाण्याचंही तेच.

केळीबाग_रावेर

निघालो भुसावळला.

धडगावची_सिस्टर

डोंगरातलं थोडं सांगते. इथे हार्ट फेल्युअर म्हणजे सत्तरीचे आबा असंच नसतं. लहानपणी सांध्याचा ताप येऊन झडप खराब झालेल्या पंचविशी-तिशीतल्या बाया येतात. दुसरं, बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यापासून ते बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत हृदय एकाएकी कमजोर होऊ शकतं. दम लागतो, पाय सुजतात, रात्री उठून बसावं लागतं, आणि सगळे म्हणतात बाळंतिणीला अशक्तपणा आहे. एक मुलगी आमच्याकडे आली तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून झोपायची, आडवी होऊच शकत नव्हती. इको झाला तेव्हा कळलं. यातल्या बऱ्याच जणींचं हृदय औषधांनी पूर्ववत होतं, म्हणून वेळेवर ओळखणं मोलाचं. पुढचं बाळंतपण मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, यावर घरच्या माणसांशी बोलावंच लागतं.

आणि नंदुरबारकडे सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार) आहे. वर्षानुवर्षं रक्त कमी राहिलं की हृदयावर आणि फुफ्फुसाच्या दाबावर परिणाम होतो. अशा पेशंटला "रक्त कमी आहे" म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

पांझरा

काकांना तीन महिन्यांपासून बरं वाटतंय, शेतापर्यंत चालत जातात. काकू म्हणते आता गोळ्या निम्म्या करू. चालेल?

बोरीकाठ (धागाकर्ता)

नको. काकांना बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच. इंग्लंडमधला २०१८ चा एक अभ्यास आहे. हृदय पसरलेले, पण औषधांनी पंपिंग पूर्ववत झालेले, काहीही त्रास नसलेले पेशंट घेतले आणि देखरेखीखाली औषधं हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत ४४ टक्क्यांचा आजार परत आला. पंपिंग पूर्ववत झालेल्यांची ही गत, काकांचं तर अजून २५ आहे.

उलट आता डोस वाढवण्याची वेळ आहे. २०२२ च्या एका चाचणीत सुटीनंतर दोन आठवड्यांत, वारंवार तपासत, डोस पूर्ण मात्रेपर्यंत नेला. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. फरक इतका होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. आपल्याकडे सुरुवातीचा डोसच वर्षभर चालतो, कारण पेशंट दाखवायला जात नाही, तीच चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतो.

सातपुडा_एमडी

यात भर: तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही पंपिंग ३५ किंवा खाली राहिलं तर डॉक्टरांना छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राबद्दल विचारा. या आजारात बरेच मृत्यू ठोके बिघडून अचानक होतात, कालपर्यंत चालतं-बोलतं माणूस जातं. खर्च मोठा आहे, कोणत्या योजनेत काय बसतं ते महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे विचारून घ्या.

माहेर_चोपडा

आई म्हणते मीठ कमीच खाते. पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गेले तर ताटात पापड, कुरडई, बिबडी, कैरीचं लोणचं, वर ठेचा. आणि मे महिन्यात पाणी किती द्यायचं? डॉक्टर म्हणाले दीड लिटर, इकडे ४५ डिग्री!

सातपुडा_एमडी

भाजीत मीठ कमी आणि ताटात बिबडी, यात मीठ कमी होत नाही. वाळवणाचे पदार्थ, लोणचं, शेवभाजीवरची शेव, फरसाण हे बाजूला ठेवा. भरीत-भाकरी खुशाल खाऊ द्या.

जळगाव-भुसावळचा उन्हाळा हा वेगळाच प्रश्न आहे. घाम गेला, पाणी दीडच लिटर, आणि लघवीची गोळी हिवाळ्यातल्याच डोसवर, की बीपी पडतं, क्रिएटिनिन चढतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय. दोन किलो उतरलं, जीभ कोरडी, उठताना अंधारी, तर गोळी जास्त होतेय. दोन्ही वेळा फोन करायचा. मार्च संपता संपता डॉक्टरांना स्वतःहून विचारा, उन्हाळ्यासाठी डोस बदलायचा का.

आबाना_पोर्‍या

भाऊ, आखरी सवाल. महिनानी बठ्ठी गोळ्यास्ना पैसा एकदम नही जमत. म्हनीसन लघवीनीच लई जातस.

बोरीकाठ (धागाकर्ता)

दादा, एका गोळीचे तीस दिवस नेण्यापेक्षा चिठ्ठीतल्या सगळ्या गोळ्यांचे दहा दिवस न्या. पट्टी कापून देता येते, नाव आणि एक्स्पायरी राहील अशी कापतो मी. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० ला संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचं २०२३ ला, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ ला. तिन्हींच्या जेनेरिक आल्यात आणि दर पूर्वीपेक्षा बरेच खाली आलेत. जनऔषधी केंद्रात विचारा. तरीही झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनच्या जागी एनालाप्रिल लिहून देऊ शकतात. फक्त ही अदलाबदल स्वतः करायची नाही, कारण या दोन्हींच्या मध्ये ३६ तासांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर चेहरा-घसा सुजून श्वास अडकू शकतो. आबांची चिठ्ठी घेऊन या, कोणत्या गोळीला किती लागतं ते बसून काढू.